दाढीच्या ब्रशाची निवड

संसारांतील मोठ्या वस्तु विकत घेतांना माणूस चार ठिकाणीं चौकशी करतो. पण रोज हातांत येणाऱ्या लहान वस्तु तो डोळे मिटून घेतो. दाढीचा ब्रश ही अशीच एक वस्तु. एखादे गृहस्थ दुकानांत जातात, दुकानदार चार-सहा ब्रश पुढें मांडतो, गृहस्थ एकेक ब्रश उचलून त्याचे कोरडे केस गालावर फिरवून पाहतात, आणि जो सर्वांत मऊ लागेल तो घेऊन घरीं येतात. डुकराच्या केसांचा ब्रश या परीक्षेंत बहुधा पहिल्याच फेरींत बाद होतो. तो टोचतो, त्याला किंचित् वास येतो, आणि शेजारच्या तकतकीत ब्रशापुढें तो ओबडधोबड दिसतो. परंतु ही परीक्षाच मुळांत चुकीची आहे. ब्रशाचें काम कोरडेपणीं नसतें, ओलेपणीं असतें. आणि कोणत्या प्राण्याचा केस ओला झाल्यावर कसा वागतो हें कळल्यावांचून ब्रशाची निवड करणें म्हणजे नशिबाचा खेळ खेळणें होय. एके काळीं हा खेळ कित्येकांच्या जिवावर बेतला होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

प्रथम ब्रशाचें काम कोणतें तें पाहावें. दाढीचा केस कोरडा असतां चिवट असतो. पाणी प्यायला कीं तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याखालीं सहज कापला जातो. जुन्या काळचा न्हावी धोकटी उघडून वाटींत पाणी घेई आणि ओल्या बोटांनीं दाढी बराच वेळ चोळीत बसे. त्या चोळण्यांत हेंच शास्त्र होतें. पुढें साबण सर्वत्र झाला. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थास बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचें पेटंट १९०४ सालीं मिळालें, आणि त्यानंतर घरच्या घरीं स्वतःची दाढी स्वतः करण्याची चाल हळूहळू रूढ होत गेली. तेव्हां न्हाव्याच्या बोटांचें काम ब्रशाकडे आलें. पाणी व साबण यांचा दाट फेस बनवणें, तो फेस केसांच्या मुळापर्यंत पोंचवणें, आणि त्वचेला चिकटून आडवे पडलेले केस उभे करणें, अशीं तीन कामें ब्रश करतो. डब्यांतून दाबून काढावयाचा तयार फेस १९५० च्या सुमारास बाजारांत आला. तो पहिलें काम वांचवतो. उरलेलीं दोन मात्र नुसत्या बोटांनीं तितकीं नीट साधत नाहींत. म्हणूनच ब्रश अजून टिकून आहे.

ब्रशासाठीं परंपरेनें तीन प्राण्यांचे केस वापरले जात आले: बॅजर, घोडा आणि डुक्कर. बॅजर हा युरोप व आशिया खंडांत बिळें करून राहणारा प्राणी. त्याचा केस बारीक व टोकाशीं अत्यंत मऊ असतो, आणि अशा केसांचा झुबका केसाकेसांमधील पोकळींत पुष्कळ पाणी धरून ठेवतो. तो दुर्मिळ, अर्थात् महाग. घोड्याच्या आयाळीचा व शेपटीचा केस त्या मानानें स्वस्त. डुकराचा केस या दोहोंहून निराळ्या जातीचा आहे, आणि त्याचें निराळेपण समजलें कीं निम्मी निवड झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

डुकराच्या मानेवर व पाठीच्या कण्यावर जे लांब, ताठ केस असतात ते ब्रशासाठीं उत्तम समजले जातात. असा केस मुळाशीं जाड असतो, टोकाकडे निमुळता होत जातो, आणि अगदीं टोकाला तो दोन-तीन किंवा अधिक सूक्ष्म तंतूंत फाटलेला असतो. या फाटलेल्या टोकांतच त्याचें सारें सामर्थ्य आहे. रंगाऱ्याचा चांगला ब्रश याच केसांचा असतो, कारण फाटलें टोक रंग धरून ठेवतें. दाढीच्या ब्रशांत तेंच टोक फेस धरून ठेवतें. दुसरा विशेष असा कीं, हा केस पाणी केवळ शेजाऱ्याच्या आधारानें धरीत नाहीं, तर स्वतःच्या अंगांत शोषून घेतो. त्यामुळें कोरडा असतां जो केस कांट्यासारखा लागतो, तोच पांच मिनिटें पाण्यांत राहिल्यावर लवचिक होतो. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा. वापराबरोबर याचीं टोकें अधिकाधिक फाटत जातात, म्हणजे वरून तो मऊ होत जातो. मुळाशीं मात्र त्याचा ताठपणा कायम राहतो. वापरानें झिजून बिघडणाऱ्या वस्तु पुष्कळ आहेत. वापरानें कांहीं काळ सुधारत जाणारी वस्तु विरळा.

या केसांचा व्यापारहि लहान नाहीं. त्याचें सर्वांत मोठें माहेरघर चीन देश. केस गोळा करणें, धुणें, उकळणें, सर्वांचीं मुळें एका बाजूस व टोकें दुसऱ्या बाजूस आणणें, रंग व लांबी पाहून जुड्या बांधणें, हें सारें मोठ्या चिकाटीचें हस्तकाम आहे. भारतांत कानपूर हें या व्यापाराचें जुनें केंद्र. दुसऱ्या महायुद्धांत या क्षुद्र वाटणाऱ्या मालाची किंमत साऱ्या जगाला कळली. १९४२ सालीं ब्रह्मदेशांतून चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग जपानी सैन्यानें तोडला, तेव्हां आसामांतून हिमालयाच्या पूर्वेकडील शिखरांवरून विमानें चीनला युद्धसामग्री नेऊं लागलीं. आणि परतीच्या फेरींत तीं टंगस्टनसारख्या मोलाच्या धातूबरोबर डुकराचे केसहि आणीत. जहाजें व यंत्रें रंगवण्याचें काम या केसांवांचून अडत होतें! दांत घासण्याचे ब्रशदेखील मुख्यतः याच केसांचे असत. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनचे ब्रश विक्रीस आले, तेव्हांपासून तो व्यवहार बदलत गेला.

आतां जिवावर बेतलेली ती गोष्ट. पहिलें महायुद्ध चालू असतां इंग्लंडांत व अमेरिकेंत डॉक्टरांकडे कांहीं चमत्कारिक रोगी येऊं लागले. माणसें धट्टीकट्टी, त्यांत पुष्कळसे तरुण सैनिक. दाढी केल्यावर थोड्याच दिवसांत गालावर किंवा हनुवटीखालीं एक पुळी उठे. ती खाजे, पण फारशी दुखत नसे. लौकरच तिच्या मध्यावर कोळशासारखी काळी खपली धरे, भोंवतालीं मोठी सूज चढे, ताप भरे, आणि त्यांतील कित्येक रोगी दगावत. हा रोग काळपुळीचा. इंग्रजींत यास अँथ्रॅक्स म्हणतात. मूळचा हा गुराढोरांचा रोग. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १८७६ सालीं त्याच्या जंतूचा सारा जीवनक्रम उलगडून दाखवला होता. हे जंतु प्रतिकूल काळांत बीजाणूंचें रूप घेतात आणि त्या रूपांत मातींत, कातड्यांत, केसांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. लोकर व कातडीं हाताळणाऱ्या कामगारांस हा रोग होतो, हें वैद्यांना ठाऊक होतें. पण छावणींत दाढी करणाऱ्या शिपायास तो कां व्हावा?

शोध घेतां घेतां डॉक्टर त्या शिपायाच्या नव्या ब्रशापाशीं येऊन थांबले. अनेक ठिकाणीं ब्रशाच्या केसांत काळपुळीचे जंतु प्रत्यक्ष सांपडले. अधिक खोल जातां असें आढळलें कीं, हे ब्रश मुख्यतः घोड्याच्या केसांचे होते. युद्धामुळें केसांच्या पुरवठ्याचे जुने मार्ग बंद पडले होते, मागणी मात्र एकाएकीं वाढली होती; आणि आशियांतून आलेले केस नीट निर्जंतुक न करतां कारखान्यांत पोंचत होते. या स्वस्त केसांना रंग देऊन, त्यांवर पट्टे उमटवून, ते बॅजरसारखे दिसतील अशी व्यवस्था केलेली असे. वस्तऱ्यानें गालावर एखादा बारीक ओरखडा उठला कीं तेवढें दार बीजाणूंना पुरे होई. त्या वेळीं पेनिसिलीन नव्हतें. पुढें १९२० सालीं ब्रिटननें जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीस बंदी घातली, अमेरिकेंतहि केस निर्जंतुक करण्याविषयीं कडक नियम झाले, आणि ब्रशाच्या मुठीवर ‘निर्जंतुक केलेला’ असा शिक्का उमटवण्याची पद्धत पडली. नियम पाळले जाऊं लागले, तसतसा हा रोग दाढीच्या पेटींतून नाहींसा झाला.

या हकीकतींत घोड्याचा दोष नव्हता. दोष वेषांतराचा होता. ज्या गिऱ्हाइकानें तो ब्रश घेतला त्यानें रूप पाहून घेतला. तो कशाचा आहे आणि कोठून, कसा आला, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं व त्यानेंहि विचारलें नाहीं. आज कारखान्यांतून निर्जंतुक होऊन निघालेल्या ब्रशापासून काळपुळीचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. पण पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा एखादा जुना ब्रश आजोबांच्या पेटींत किंवा जुन्या बाजारांत सांपडला, तर तो शोभेसाठीं ठेवावा, गालाला लावूं नये. घरीं उकळून त्याची खात्रीनें शुद्धि होईल अशा भरंवशावर राहणें शहाणपणाचें नव्हे. आणि वेषांतराची हौस मात्र अद्याप गेलेली नाहीं: डुकराच्या साध्या केसांवर काळा पट्टा रंगवून बॅजरचा भास आणलेले ब्रश आजहि मिळतात. त्यानें अपाय होत नाहीं, पण पैसे रूपाचे पडतात. म्हणून निवडीचा पहिला नियम असा कीं, केसाचें नांव स्पष्ट विचारावें, आणि जो केस स्वतःच्या नांवानें विकला जातो तोच घ्यावा.

दुसरा नियम टोकांचा. ब्रश उजेडांत धरून, शक्य तर भिंगांतून पाहावा. चांगल्या ब्रशांत केसाचें मूळचें टोक बाहेर ठेवून झुबका घडवलेला असतो, आणि तीं टोकें निमुळतीं, फाटलेलीं दिसतात. हलक्या ब्रशांत झुबका आधीं बांधून मग कात्रीनें गोल छाटतात. तेथें टोकें बोथट व सपाट दिसतात. मूळचें टोकच कापून टाकलें तर डुकराच्या केसाचा जो मुख्य गुण, तोच गेला.

तिसरा नियम मुळाचा. पूर्वी केस डांबरासारख्या पदार्थांत बसवीत. मग ते रबरांत घट्ट बसवण्याची युक्ति निघाली. हल्लीं कृत्रिम राळेचा उपयोग करतात. कोणत्याहि रीतीनें बसवलेला असो, झुबका दोन बोटांत धरून हळूच ओढून पाहावा. एखाद-दुसरा सुटा केस हातांत आला तर घाबरूं नये. पहिल्या काहीं दिवसांत असे केस गळतातच. पण झुबका मुठींत हलत असेल किंवा केस चिमटीनें येत असतील, तर तो ब्रश परत ठेवावा.

चौथा नियम मापाचा. झुबक्याचा व्यास मुळाशीं सुमारें २२ ते २६ मिलिमीटर आणि केसांची मुठीबाहेरील उंची सुमारें ५० ते ६० मिलिमीटर, हें सामान्य माप होय. उंची कमी असेल तर ब्रश अधिक ताठ लागतो. उंची जास्त असेल तर तो अधिक वांकतो. ज्याची दाढी दाट व राठ आहे, किंवा जो वडीच्या कठीण साबणावर ब्रश घासून फेस काढतो, त्यास आंखूड व भरगच्च झुबका बरा. ज्याची त्वचा नाजूक आहे, किंवा जो नळींतील मऊ साबण वाटींत घेऊन फेस करतो, त्यास थोडा उंच झुबका सुखाचा वाटतो. मुठीविषयीं इतकेंच कीं ती ओल्या हातांत घसरूं नये. लांकडी मूठ दिसावयास सुंदर, पण तिच्यावरील रोगण नीट नसेल तर पाणी पिऊन ती तडकते.

ब्रश घरीं आला म्हणजे निवड संपली असें नाहीं. खरें पाहतां निवडीचा अर्धा भाग येथूनच सुरू होतो. पहिल्या दिवशीं तो कोमट पाण्यांत साबणानें दोनदां धुवावा आणि फेस भरून कांहीं तास तसाच ठेवावा. वास बराचसा जातो, राहिला तर आठवड्याभरांत जातो. पुढें रोज दाढीपूर्वीं पांच मिनिटें तो कोमट पाण्यांत उभा करून ठेवावा. आंघोळीस जातांना ठेवला तर वेळहि मोडत नाहीं. उकळतें पाणी वर्ज्य. त्यानें केस ठिसूळ होतात आणि चिकटवण सुटते. मग ब्रश झटकून साबणावर फिरवावा. पहिले कांहीं दिवस फेस मध्येंच आटल्यासारखा वाटेल. नव्या केसाला पाणी पिण्याची घाई असते; थोडें पाणी आणखी दिलें कीं फेस परत येतो. बहुतेक गृहस्थ या आठवड्यांतच कंटाळून ब्रश मोरीच्या कोनाड्यांत टाकतात. पंधरा-वीस दिवस, क्वचित् महिना, एवढा धीर धरला तर टोकें फाटून मऊ होतात, आणि ज्या ब्रशाला पहिल्या दिवशीं दूषण दिलें त्याचीच सवय लागते.

पाण्याचीहि गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मुंबईसारख्या शहरांत तलावांचें हलकें पाणी येतें, तेथें फेस चटकन् होतो. जेथें विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी वापरावें लागतें, तेथें त्यांतील चुन्याचे क्षार साबणाशीं मिळून न विरघळणारा साका बनतो आणि तो केसांच्या मुळाशीं बसत जातो. अशा ठिकाणीं महिन्यांतून एकदां ब्रश पातळ शिरक्याच्या पाण्यांत थोडा वेळ बुडवून स्वच्छ धुवावा. रोजचें काम झाल्यावर मात्र साबण पुरता निघेपर्यंत धुवून, पाणी झटकून, तो वाऱ्यावर ठेवावा. उभा ठेवावा कीं उलटा टांगावा हा वाद निष्फळ आहे. वारा लागणें महत्त्वाचें. कोंकणांतील व मुंबईच्या पावसाळ्यांत ओला ब्रश डबींत कोंडला तर त्याला बुरशी येण्यास वेळ लागत नाहीं.

आणखी एक पथ्य. ब्रश प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. बापलेकांत, भावाभावांत एकच ब्रश फिरतो अशीं घरें थोडीं नाहींत. परंतु दाढीच्या वेळीं त्वचेला सूक्ष्म जखमा होतात, आणि त्वचेचे संसर्गजन्य विकार एका गालावरून दुसऱ्या गालावर नेण्यास ओल्या ब्रशाहून सोयीचें वाहन नाहीं. केशकर्तनालयांत पातें नवें आहे कीं नाहीं हें पाहणारे गृहस्थ ब्रशाकडे पाहत नाहींत. त्यांनीं स्वतःचा ब्रश बरोबर न्यावा, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. डुकराचा केस बहुतेक मांसासाठीं मारलेल्या जनावरापासून येतो. मुसलमान घरांत तो धर्मानें निषिद्ध मानला जाईल. जैन व इतर अहिंसाव्रती कुटुंबांस तो रुचणार नाहीं. अशांची समजूत घालण्याचें कारण नाहीं. हल्लीं कृत्रिम धाग्याचे ब्रश इतके सुधारले आहेत कीं त्यांचा फेस उत्तम होतो, ते लौकर वाळतात आणि त्यांना मुरवावेंहि लागत नाहीं. ज्यास केस चालत नाहीं त्यानें निःशंकपणें तो धागा घ्यावा. मात्र येथेंहि नियम पहिलाच: वस्तु कशाची आहे हें मुठीवर किंवा वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलें असावें. ज्या दुकानांत डुकराचा केस नुसता ‘नैसर्गिक केस’ या मोघम नांवानें विकतात, तेथें गिऱ्हाइकाच्या पैशाचीच नव्हे, तर श्रद्धेचीहि फसवणूक होते.

दुकानांतील ते गृहस्थ पुन्हां ब्रश घ्यावयास निघाले, तर त्यांनीं गाल पुढें करण्याआधीं तोंडानें प्रश्न विचारावा: हा केस कोणाचा? मग टोकें पाहावीं, मूळ ओढून पाहावें, माप पाहावें; आणि डुकराचा केस घेतलाच तर त्याला एक महिना द्यावा. दाढीला रोज दहा मिनिटें जातात. त्या दहा मिनिटांचा सोबती पारखून घेण्यास एक महिना म्हणजे फार मोठा काळ नव्हे.